काचेतला मळ आणि नोबेल पारितोषिक

पाटाचे पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत जायचे, तर ते वाटेत मुरता कामा नये, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. प्रकाशाचेही तसेच आहे.

वाकड्या जलधारेतून प्रकाश आतल्या आत परावर्तन पावत वळतो, हे जिनिव्हाच्या कोलाडॉन यांनी १८४२ साली प्रसिद्ध केले. पुढे पंजाबात मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी आणि त्यांचे गुरू हॉपकिन्स यांनी लंडनच्या इंपीरियल कॉलेजात केसासारख्या काचतंतूंच्या जुडग्यातून चित्र आरपार नेऊन दाखविले. ते साल होते १९५४. अशा जुडग्यांनी डॉक्टरांना पोटाच्या आत डोकावता येऊ लागले. पण दूरच्या निरोपाचे काय? त्या काळच्या तंतूत वीस मीटरांवर शंभरातला एकच भाग प्रकाश उरे. बाकीचा वाटेतच जिरे!

काचेचा हा स्वभावच, असे पुष्कळांना वाटे. शांघायला जन्मलेले चार्ल्स काओ तेव्हा इंग्लंडात हार्लो येथील प्रयोगशाळेत होते. ते म्हणाले, दोष काचेचा नाही, काचेतल्या लोखंडासारख्या मळाचा आहे. काच निर्मळ करा. एक किलोमीटरवर शंभरातला एक भाग उरला, तरी टेलिफोनचे काम भागेल. हॉकहॅम यांच्यासह लिहिलेला हा निबंध १९६६ साली छापला गेला. अवघ्या चार वर्षांत, १९७० साली, अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीच्या मॉरर, केक आणि शुल्ट्झ यांनी तसा तंतू करून दाखविला. आज समुद्राच्या तळाशी काचतंतूंच्या तारा पसरल्या आहेत, आणि खेड्यातल्या पोराचा परदेशातून आलेला आवाज बहुधा त्यांतूनच येतो.

काओ यांना २००९ साली भौतिकीच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग मिळाला. निबंधाला त्रेचाळीस वर्षे लोटली होती. जगाचे बोलणे दूर पोचविणाऱ्या ह्या माणसाला आता स्मृतिभ्रंशाने गाठले होते. नोबेल व्याख्यान त्यांच्या पत्नी ग्वेन यांनी दिले. कपानींचे नाव त्या मानात नव्हते. ते २०२० च्या डिसेंबरात वारले. भारताने त्यांना पद्मविभूषण दिले ते २०२१ साली, मरणोत्तर.

एक नोबेल तिघांहून अधिकांत वाटता येत नाही. विद्येला असे बंधन नाही. तेव्हा गुरुजींनो, वर्गात काओंचे नाव सांगाल, तेव्हा कपानींचेही सांगा, आणि भट्टीपाशी काच निर्मळ करणाऱ्या त्या तिघांनाही विसरू नका.