दोन पेन्सांचा फरक

रुपयाची किंमत एक शिलिंग चार पेन्स असावी की एक शिलिंग सहा पेन्स, यावर १९२६-२७ साली हिंदुस्थानात कडाक्याची भांडणं झाली. मी इंजिनिअर, मला हा वाद आकडेमोड केल्यावरच कळला. पौंडाचे पेन्स २४०. लंडनला एक पौंडाचा कापूस विकला, तर सोळा पेन्सांच्या दराने इकडे १५ रुपये येतात, अठराच्या दराने १३ रुपये ५ आणे ४ पै.

हिल्टन यंग कमिशनने अठरा सुचवले. सर पुरुषोत्तमदास ठाकुरदासांनी भिन्नमत नोंदवलं, पण १९२७ च्या कायद्याने अठराच पक्के झाले. 'होम चार्जेस', म्हणजे साहेबांची पेन्शनं, कर्जावरचं व्याज वगैरे, पौंडांत चुकते करायचे असल्याने सरकारला महाग रुपया सोयीचा होता. तो सगळ्यांनाच वाईट होता असंही नाही. रुपया घसरला की भाव चढतात, मजुरी मागे राहते आणि फायदा मालकाचा होतो, हे आंबेडकरांनी १९२३ सालीच 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी'मध्ये मांडलं होतं. त्यामुळे स्वस्त रुपया मागणाऱ्या गिरणीमालकांच्या देशप्रेमाकडे मी जरा तिरकंच बघतो.

मग १९२९ ची मंदी आली. शेतमालाचे भाव कोसळले, निर्यातीचे पैसे आटले. होम चार्जेस सुरूच. दर हलवायचा नव्हता, म्हणून सरकारने चलन आवळलं. कोडमध्ये एक आकडा हार्डकोड केला की बाकीच्या सगळ्यांना त्याच्याभोवती नाचावं लागतं, तसं झालं. शेतसारा आणि सावकाराचं देणं मात्र रोख, ठरलेलं.

२१ सप्टेंबर १९३१ ला ब्रिटनने सुवर्णमान सोडलं. रुपया पौंडालाच बांधलेला, अठरा पेन्सांनी. पौंडाबरोबर तोही सोन्याच्या तुलनेत घसरला. कायद्याने २१ रुपये ३ आणे १० पै तोळा ठरलेलं सोनं काही वर्षांत तिशीपार गेलं. काहींनी नफ्यासाठी विकलं, हे खरं. पण खेड्यापाड्यांत गोठ-पाटल्या मोडल्या त्या सारा आणि व्याज भागवायला. १९३१-३२ या एका वर्षात सुमारे ५८ कोटी रुपयांचं सोनं देशाबाहेर गेलं, बहुतेक मुंबई बंदरातून. हिंदुस्थान सोनं गिळतो अशी तक्रार करत आलेल्या लंडनला ते हवंच होतं. होम चार्जेसचे पौंड त्यातून सुटले. देशी व्यापाऱ्यांनी निर्यातबंदी मागितली. सरकारने ती नाकारली.

अठरा पेन्स स्वातंत्र्यानंतरही टिकले. १९४९ साली पौंडाचं अवमूल्यन झालं, तेव्हा रुपयाही सोबत उतरला, पण दोघांमधलं नातं तेच राहिलं. ते तुटलं ६ जून १९६६ ला.