माळवद कोसळले, खण उभा राहिला

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार माणसे दगावली. सास्तूर, पेठसांगवी, होळी या गावांवर मोठा घाला पडला. सारा ठपका दगडमातीच्या घरावर आला आणि ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. घर पडले हे खरे. पण म्हणून ते बांधणारी सारी परंपराच अडाणी ठरत नाही. बहुतेक भिंती दोन सुट्या थरांच्या होत्या, त्यांना बांधून ठेवणारे आरपार दगड नव्हते. माळवदावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, वर्षानुवर्षे पांढऱ्या मातीचा थर चढत गेल्याने भार अफाट वाढला होता. भिंती ढासळल्या तरी लाकडी खांब-तुळयांचे खण मात्र अनेक घरांत उभे राहिले. एकाच घरात दोष आणि शहाणपण दोन्ही होते. ते वेगळे काढायचे तर घर मोजावे लागते. त्या मोजणीतून घराचा इतिहास उलगडतो, तीच विद्यार्थ्यांना शिकवायची असते आणि तिच्यावरच नवे घर रचायचे असते. म्हणूनच वास्तुविशारदाचे रचनाकार, शिक्षक आणि इतिहाससंशोधक असणे हे एकच काम आहे.

मोजणी काय सांगू शकते, हे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्याच तेर गावाने दाखवले. तिथल्या त्रिविक्रम मंदिराची मागची भिंत अर्धगोल आहे आणि विटांचे थर आत सरकवत वर गजपृष्ठाकार छत साधले आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी पुरातत्त्वज्ञ हेन्री कझिन्स यांनी या घडणीवरून ते मूळचे बौद्ध चैत्यगृह असल्याचे मांडले. वास्तूचा आराखडाच इथे पुरावा ठरला. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये वास्तुविशारद क्लॉड बॅटली यांनी हीच नजर शिक्षणात आणली. विद्यार्थ्यांनी जुन्या वास्तूंची मोजमापे घेऊन काढलेल्या आराखड्यांवर बॅटलींचा १९३४ चा ग्रंथ उभा आहे, आणि १९३० चे मुंबई सेंट्रल स्थानकही त्यांच्याच रचनेचे.

यावर कुणी म्हणेल की, ज्यांनी ढिगाऱ्याखालून आपली माणसे काढली, त्यांना जुन्या घराचे गुण सांगणे क्रूर आहे. ती भीती रास्त आहे आणि कुणालाही पुन्हा तशा भिंतींखाली झोपायला सांगणे गैर ठरेल. पण भिंतीत आरपार जोड आणि सलग पट्टे घालणे, माळवदाचा भार उतरवणे, हे उपाय भूकंपानंतरच्या मजबुतीकरणात वापरले गेले, आणि भिंत कशी बांधली आहे हे समजल्याशिवाय ते सुचलेच नसते. व्यवसायात गुंतलेल्याला संशोधनाला सवड कुठून, हा आक्षेपही बॅटलींच्या कामापुढे टिकत नाही. मात्र केवळ देवळांची आणि किल्ल्यांची मोजणी पुरेशी नाही. या दोन्ही जिल्ह्यांत आजही उभी असलेली माळवदाची घरे वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी खणाखणाने मोजावीत आणि त्या नोंदींवर इथल्या उन्हाला व भूकंपाला पुरे पडणारे नवे घर रचावे. जिथे घराच्या इतिहासाचे अज्ञान जिवावर बेतते, तिथे हा अभ्यास वास्तुविशारदाचे कर्तव्य ठरतो.