सुंदरा मनामध्ये भरली (लावणी)

'सुंदरा मनामध्ये भरली' ही शाहीर राम जोशी यांनी रचलेली मराठीतील एक प्रसिद्ध शृंगारिक लावणी आहे. तिचे कर्ते सोलापूरचे असून त्यांचा रचनाकाळ अठराव्या शतकाच्या अखेरीचा व एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभीचा आहे. तमाशाच्या फडात जन्मलेली ही रचना पुढे संगीताच्या बैठका, छापील लावणीसंग्रह, मराठी चित्रपट आणि दूरचित्रवाणी या सर्व माध्यमांत पोहोचली. सुमारे दोनशे वर्षांनंतरही तिचे सुरुवातीचे शब्द सर्वसामान्य मराठी माणसाच्या बोलण्यात वाक्प्रचारासारखे येतात. पेशवेकालीन शाहिरी वाङ्मयातील मोजक्याच रचनांना असे दीर्घायुष्य लाभले आहे.

नाव आणि पाठभेद

जुन्या लावण्यांना स्वतंत्र शीर्षक नसते. पहिल्या चरणातील आरंभीच्या शब्दांनीच त्या ओळखल्या जातात. त्यानुसार या लावणीलाही हे नाव मिळाले आहे. 'मनामधिं', 'मनामधे' आणि 'मनामध्ये' असे तिचे पाठभेद आढळतात. त्याचप्रमाणे 'भरलि' व 'भरली' अशी दोन्ही रूपे दिसतात. ऱ्हस्व रूप छंदाच्या सोयीचे असून दीर्घ रूप आजच्या शुद्धलेखनाला धरून आहे. लावणी मुखपरंपरेने टिकते. शाहिराकडून झीलकऱ्याकडे आणि एका फडाकडून दुसऱ्या फडाकडे जाताना शब्द थोडेफार बदलतात. त्यामुळे हे पाठभेद म्हणजे दोष नसून रचनेच्या प्रसाराची खूण होय.

कवी

राम जगन्नाथ जोशी यांचा जीवनकाळ साधारणपणे १७६२ ते १८१२ असा मानला जातो. त्यांचा जन्म सोलापूर येथील ब्राह्मण कुटुंबात झाला. थोरले बंधू मुद्गल जोशी हे कीर्तन-पुराण सांगण्याबद्दल प्रसिद्ध होते. धाकट्या रामला मात्र लहानपणापासून तमाशाची ओढ होती. सोलापुरातील धोंडी शाहिराच्या फडात तो जाऊन बसू लागला आणि तेथेच लावण्या रचू लागला. पुराणिकाच्या घरातील मुलाने डफ-तुणतुण्याच्या साथीने लावण्या म्हणणे त्या काळी समाजाला मानवणारे नव्हते. त्यामुळे मुद्गलांनी त्याला घराबाहेर काढले, असे परंपरेने सांगितले जाते.

त्यानंतर राम जोशी पंढरपूरला गेले. तेथे बाबा पाध्ये यांच्याकडे त्यांनी संस्कृत काव्य व शास्त्र यांचे अध्ययन केले. परत आल्यावर त्यांनी कीर्तनकार म्हणून लौकिक मिळवला. तथापि लावणी सुटली नाही. बारामतीचे कविवर्य मोरोपंत (१७२९–१७९४) यांच्याशी त्यांची भेट झाल्याच्या आख्यायिका प्रसिद्ध आहेत. मोरोपंतांच्या आर्या कीर्तनांतून लोकांपर्यंत पोहोचवण्याचे श्रेय राम जोशी यांना दिले जाते. 'मदालसाचंपू' ही रचनाही त्यांच्या नावावर आहे. आपल्या अनेक लावण्यांत ते 'कविराय' ही नाममुद्रा वापरतात.

कीर्तनाचे व्यासपीठ आणि तमाशाचा फड या दोन्ही ठिकाणी राम जोशी यांचा वावर होता. प्रस्तुत लावणीचे वेगळेपण समजण्यासाठी ही गोष्ट ध्यानात घ्यावी लागते.

पार्श्वभूमी

उत्तर पेशवाईत, विशेषतः दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत (१७९६–१८१८), लावणीला मोठा राजाश्रय आणि लोकाश्रय मिळाला. अनंतफंदी, होनाजी बाळा, परशराम, प्रभाकर आणि सगनभाऊ हे या कालखंडातील इतर नामवंत शाहीर होत. डफ, तुणतुणे, झांज आणि ढोलकी ही फडाची प्रमुख वाद्ये होती. त्या काळच्या फडांत स्त्रीची सोंगे नाच्या पोरे वठवीत असत.

सोलापूर हे तेव्हा भुईकोट किल्ला आणि सिद्धेश्वर तलाव यांच्या आसऱ्याने वसलेल्या पेठांचे गाव होते. रेल्वे, कापडगिरण्या आणि सात रस्त्यासारखे गजबजलेले चौक ही सारी पुढच्या काळातील वाढ होय. मात्र गावाचे बहुभाषिक स्वरूप जुनेच आहे. मराठीबरोबर कन्नड, तेलुगू आणि दखनी या भाषा येथील बाजारात कानावर पडत. राम जोशी यांनी संस्कृतात लावणी रचली, तसेच एकाच लावणीत अनेक भाषा गुंफण्याचाही प्रयोग केला. या प्रयोगांमागे त्यांची विद्वत्ता होती, तसाच त्यांच्या गावाचा कानही होता.

आशय

लावणीचा प्रसंग अगदी छोटा आहे. मोत्यांनी भांग सजवलेली एक सुंदर स्त्री क्षणभर दृष्टीस पडते आणि हवेलीत निघून जाते. पाहणाऱ्याची हौस अपुरी राहते. ती कोणाची कोण, हे तो सोबतच्या मित्राला विचारतो. पुढे तिच्या रूपाचे वर्णन येते. ती सोनचाफ्याच्या कळीसारखी आहे, पाप्याची दृष्ट तिला लागू नये, तिचा बांधा सिंहकटी आहे, ती जणू मदनाची रती आहे, अशी ही वर्णनपरंपरा आहे. निवेदक खाली वाटेवर आणि ती उंच माडीवर, असे हे चित्र उभे राहते. दोघांमधील अंतर शेवटपर्यंत कायम राहते.

बहुसंख्य शृंगारिक लावण्या स्त्रीच्या तोंडी असतात. विरहिणीची तक्रार, रुसवा, प्रियकराला घातलेली गळ हे त्यांचे नेहमीचे विषय होत. ही लावणी मात्र पुरुषाच्या तोंडी असून ती स्त्रीला उद्देशून नाही. ती मित्राला उद्देशून आहे. त्यामुळे फडासमोर बसलेला प्रत्येक श्रोता आपोआप त्या मित्राच्या जागी जातो. प्रश्न त्यालाच विचारलेला असतो.

रचना

लावणीचा छंद मात्राधिष्ठित आहे. तिच्या प्रत्येक ओळीचे चार तुकडे पडतात. पहिला तुकडा लांब असून त्यापुढील तुकडे आखूड आहेत. पहिल्या तीन तुकड्यांच्या शेवटी एकच यमक येते. चौथा तुकडा त्या यमकातून सुटून पुढच्या ओळीच्या शेवटाशी जुळतो. म्हणजे ओळीच्या आत एक यमक आणि ओळींच्या टोकाला दुसरे, अशी दुहेरी वीण सर्वत्र सांभाळलेली आहे. ध्रुवपदाच्या दोन्ही ओळींत तर आतले यमकही एकच आहे. पुढील ओळींत ते ओळीगणिक बदलते.

या मांडणीचा परिणाम गाताना लगेच जाणवतो. पहिले यमक थोडे सावकाश येते. दुसरे आणि तिसरे मात्र पाठोपाठ येऊन आदळतात. श्रोत्याचा श्वास चढत जातो आणि चौथ्या तुकड्यावर तो मोकळा होतो. ढोलकीवाल्याला सम गाठण्यासाठी आणि झीलकऱ्यांना सूर उचलून धरण्यासाठी हीच जागा मिळते. शब्दांची ही रचना ताल मनात धरूनच झालेली असल्याने वाद्याशिवाय नुसती म्हटली तरी लावणीची लय हरवत नाही. पाठांतराला ती सोपी जाते, याचेही कारण हेच आहे. पहिले यमक आठवले की पुढची दोन आपोआप ओठांवर येतात.

अनुप्रास व यमक यांचा असा सलग वापर पंडिती काव्याच्या परंपरेतून आला आहे. मोरोपंतांच्या आर्यांतही यमकांची अशीच हौस दिसते. पंडित कवींची ही हौस वाचकाला क्वचित थकवते. राम जोशी यांनी ती तालाच्या कामी लावली.

भाषा

लावणीच्या शब्दसंग्रहात दोन प्रवाह शेजारी शेजारी वाहतात. 'तनु', 'मन्मथ', 'रति', 'कटि' हे शब्द संस्कृत काव्यातून आलेले आहेत. तर 'हवेली', 'हौस', 'ज्वानी', 'कहर' हे अरबी-फारसी मुळाचे शब्द दरबारी आणि बाजारी व्यवहारातून मराठीत रुळलेले आहेत. यांच्या जोडीला 'गड्या' हे गावरान संबोधन येते. तिन्ही स्तरांतील शब्द एकाच यमकात बांधले गेल्यामुळे त्यांच्यातील उच्चनीचता जाणवत नाही. संस्कृत न येणाऱ्या श्रोत्याला लावणी अडत नाही आणि पंडिताला ती उथळ वाटत नाही. बंधूने घराबाहेर काढलेल्या आणि पंढरपूरला काव्यशास्त्र शिकून आलेल्या कवीने हे दोन्ही श्रोते समोर बसवले, असे म्हणता येईल.

चित्रपटातील वापर

१९४७ मध्ये राजकमल कलामंदिर या संस्थेचा 'लोकशाहीर राम जोशी' हा मराठी चित्रपट प्रदर्शित झाला. बाबूराव पेंटर आणि व्ही. शांताराम हे त्याचे दिग्दर्शक होते. लेखन ग. दि. माडगूळकर यांचे आणि संगीत वसंत देसाई यांचे होते. जयराम शिलेदार यांनी राम जोशींची व हंसा वाडकर यांनी तमासगिरीण बयाची भूमिका केली. चित्रपटात माडगूळकरांच्या लावण्यांबरोबर राम जोशींच्या मूळ रचनाही घेतल्या होत्या. 'सुंदरा मनामध्ये भरली' ही त्यांपैकी सर्वांत गाजलेली होय. संगीत रंगभूमीवर तयार झालेल्या शिलेदारांच्या आवाजातील ही चाल आज सर्वांच्या परिचयाची आहे.

याच संस्थेने आदल्या वर्षी, १९४६ मध्ये, मूळचे सोलापूरचेच असलेल्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्या जीवनावर चित्रपट काढला होता. त्याचे संगीतही वसंत देसाई यांचेच होते. अशा रीतीने लागोपाठच्या दोन वर्षांत सोलापूरचे दोन सुपुत्र या संस्थेच्या चित्रपटांचे नायक झाले.

'लोकशाहीर राम जोशी'च्या यशानंतर मराठीत तमाशापटांची परंपरा सुरू झाली. त्या सुमारास तमाशाकडे पाहण्याची सुशिक्षित समाजाची दृष्टी नापसंतीची होती आणि सरकारी निर्बंधांचाही प्रश्न होता. अशा वेळी या चित्रपटाने लावणीला मध्यमवर्गीय घरांत प्रवेश मिळवून दिला. ग्रामोफोन व आकाशवाणीमुळे, तमाशाच्या तंबूत कधीही पाऊल न ठेवलेल्या श्रोत्यांनाही ही लावणी पाठ झाली.

दूरचित्रवाणी

२०२० मध्ये कलर्स मराठी वाहिनीवर 'सुंदरा मनामध्ये भरली' याच नावाची मालिका सुरू झाली. मालिकेची कथा लावणीशी संबंधित नाही. तिची नायिका लतिका ही स्थूल बांध्याची तरुणी असून सौंदर्याच्या रूढ कल्पनांमुळे तिला सोसावा लागणारा उपहास हा मालिकेचा विषय आहे. ज्या लावणीत सिंहकटीची वाखाणणी आहे तिचेच शब्द अशा नायिकेला लावल्याने जुन्या ओळखीच्या शब्दांना नवा अर्थ मिळाला. शीर्षकाचा संदर्भ प्रेक्षकांना सांगावा लागला नाही, यावरून लावणीचा पसारा लक्षात येतो.

लोकप्रियतेची कारणमीमांसा

लावणीच्या टिकाऊपणामागे पुढील बाबी दिसतात. पहिली म्हणजे तिची तालबद्ध व पाठांतराला सोपी रचना. दुसरी म्हणजे तिचा संयम: शृंगार असूनही ती केवळ पाहण्यापाशी थांबते. त्यामुळे बैठकीत, रंगमंचावर आणि घरगुती समारंभातही ती म्हणता येते. तिसरी म्हणजे अनुत्तरित प्रश्न. ती स्त्री कोण, हे ऐकणाऱ्याने आपापल्या परीने ठरवायचे असते. चौथी म्हणजे पुरुषाच्या तोंडी असल्यामुळे नृत्य-अदाकारीवाचूनही ती नुसत्या गायनावर उभी राहते.

मात्र या लोकप्रियतेला एक मर्यादा आहे. बहुतेकांना ध्रुवपदच ठाऊक असते. पुढील कडवी थोड्यांनाच येतात. जगभरच्या अनेक लोकप्रिय कृतींच्या वाट्याला हेच आलेले आहे. राम जोशी यांचे समकालीन जर्मन संगीतकार बेथोव्हन यांनी १८०१ मध्ये रचलेला पियानोचा 'मूनलाइट' सोनाटा हे त्याचे ठळक उदाहरण होय. त्याचा संथ पहिला भाग सर्वतोमुखी आहे. वादळी तिसरा भाग त्या मानाने कमी जणांनी ऐकलेला असतो. चांदण्याचे नावही संगीतकाराने दिलेले नसून ते त्याच्या मृत्यूनंतर रूढ झाले. लावणीच्या बाबतीत तर शब्द राहिले आणि कर्ता मागे पडला. ती चित्रपटासाठी लिहिली गेली असा समज आजही आढळतो. तसेच कडव्यांचा विसर पडल्याने यमकांची वीण आणि दोन भाषाप्रवाहांचा मेळ हे तिचे खरे वैभव दृष्टीआड होते. लावणी सबंध ऐकली वा वाचली असता मात्र राम जोशींच्या विद्वत्तेचा आणि फडावरील हुकमतीचा प्रत्यय एकाच वेळी येतो.

हेही पाहा

राम जोशी
लावणी
शाहिरी वाङ्मय
लोकशाहीर राम जोशी (चित्रपट)
सोलापूर