उधारीची वही

स्मरणिकेसाठी काहीतरी लिही असा निरोप आला, तेव्हा शाळेच्याही आधी मला काशीदचं किराणा दुकान आठवलं. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या पाट्या-पेन्सिली तिथूनच आल्या.

आपला मुरूड तालुका १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानात होता. रेवदंडा-साळाव पूल नव्हता तेव्हा अलिबागकडचा माल होडीने खाडी ओलांडून यायचा. पावसात ते अवघड, म्हणून मे महिन्यात घरोघरी आगोट भरायची. दुकानातून मीठ, मिरची, डाळी, कांदे. कोळणींकडून सुकी मासळी. हातात पैसा मात्र भात झोडल्यावर किंवा सुपारी विकल्यावरच येई. मधले सहा महिने उधारीच्या वहीवर निघायचे.

१ एप्रिल १९५७ला सोळा आण्यांच्या रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. पाठोपाठ शेर जाऊन किलो आला. माझी आजी शेवटपर्यंत 'पावशेर' मागायची आणि दुकानदारकाका पाव किलो तोलून द्यायचे.

मला इंजिनीअरिंगला प्रवेश मिळाला आणि घरातली रोकड फी अन् हॉस्टेलात गेली. चार वर्षं आमचं खातं वाढत राहिलं. बाबा दुकानाची वाट टाळू लागले, मग आई जायची. काकांनी चारचौघांत आकडा कधी काढला नाही. मला नोकरी लागल्यावर वर्षभरात ते फिटलं. व्याज लावलेलं नव्हतं.

३ जून २०२०च्या निसर्ग वादळात दुकानाचे पत्रे उडाले, वह्यांचा लगदा झाला. वीज नाही, रेंज नाही. मोबाईलमधले पैसे मोबाईलमध्येच राहिले. काकांनी नवी वही उघडली. जुनी बाकी लोकांनी आपापल्या तोंडाने सांगितली आणि ती काकांच्या आठवणीशी बरीचशी जुळली. काही जण फिरकलेच नाहीत. त्यांची पोरं आली तेव्हा त्यांनाही तांदूळ मिळाले.

मी हिशेबाची सॉफ्टवेअर बनवते, बॅकअपशिवाय मला झोप येत नाही. तरी आमच्या खात्याचं ते पान कायमचं गेलं, याची हळहळ आहे.

आता तिथे पाण्याच्या बाटल्या, टोप्या आणि पर्यटकांसाठी क्यूआर कोड आहे. मित्रमैत्रिणींनो, तुमच्या गावातल्या दुकानात जुन्या वह्या उरल्या असतील, तर दुकानदाराला विचारून, रद्दीत जाण्याआधी त्यांचे फोटो काढून ठेवा. आपण कुणाच्या भरवशावर शिकलो, ते हजेरीपटात लिहिलेलं नाही.