मोटारीचें दुखणें आणि त्याचें निदान

इ. स. १८८८ च्या ऑगस्ट महिन्यांत एके दिवशीं सकाळीं जर्मनींतील मानहाइम शहरांतून एक बाई आपल्या दोन मुलांसह प्रवासास निघाली. पतीला तिनें आगाऊ कांहीं सांगितलें नव्हतें. तिचें नांव बेर्टा बेन्झ. ज्या तीन चाकी गाडींत ती बसली होती तिचें पेटंट तिचा पति कार्ल बेन्झ यानें १८८६ च्या जानेवारींत घेतलें होतें. परंतु घोड्यावांचून धांवणाऱ्या गाडीवर विसंबून दूरचा प्रवास करावा, एवढा लोकांचा तिच्यावर विश्वास बसला नव्हता. बाईंचें माहेर फॉर्झहाइम येथें, सुमारें १०५ किलोमीटरांवर होतें.

वाटेंत गाडी अडली. इंधनाची नळी तुंबली तेव्हां बाईंनीं टोपीची लांब टांचणी घालून ती मोकळी केली. पुढें ठिणगीच्या तारेवरील आवरण झिजून वीज भलतीकडे जाऊं लागली. तेथें त्यांनीं मोज्याचा बंद गुंडाळून तार झांकली. वीसलोख गांवच्या औषधाच्या दुकानांतून लिग्रॉइन नांवाचें द्रव्य इंधन म्हणून विकत घेतलें, आणि संध्याकाळीं माहेर गांठलें. या धाडसाचें कौतुक पुष्कळ झालें आहे. त्या दिवशीं आणखीहि एक गोष्ट घडली. इंधनाचा दोष निराळा आणि ठिणगीचा दोष निराळा, हें रस्त्याच्या कडेला उभें राहून एका गृहिणीनें ओळखलें. मोटारीच्या निदानविद्येचा आरंभ येथूनच धरावा लागेल.

पेट्रोलच्या इंजिनाला तीन गोष्टी हव्या असतात: हवा व इंधन यांचें प्रमाणशीर मिश्रण, त्या मिश्रणावर दट्ट्याचा पुरेसा दाब, आणि नेमक्या क्षणीं ठिणगी. वजनाच्या मापानें एक भाग पेट्रोलास सुमारें पंधरा भाग हवा लागते. बेन्झच्या पहिल्या गाडींत हवा इंधनाच्या पृष्ठभागावरून नेत आणि तिच्याबरोबर इंधनाची वाफ जाई. परंतु अशा रीतीनें हलका अंश आधीं उडून जाई, जड अंश मागें राही आणि मिश्रणाचें प्रमाण बिघडे. १८९३ सालीं विल्हेल्म मायबाख यानें इंधन बारीक तोटींतून हवेच्या झोतांत फवाऱ्यासारखें सोडण्याची युक्ति काढली. हंगेरींत डोनाट बांकी व यानोश चोंका यांनींहि त्याच वर्षीं तशाच यंत्राचें पेटंट घेतलें. नळीचा गळा जेथें अरुंद होतो तेथें प्रवाहाचा वेग वाढतो आणि दाब उतरतो, हें तत्त्व इटालियन शास्त्रज्ञ व्हेंचुरी यानें १७९७ मध्यें प्रसिद्ध केलें होतें. त्याच तत्त्वानें येथें पेट्रोल तोटींतून ओढलें जातें. अरुंद गळा, तोटी आणि पेट्रोलची पातळी राखणारा तरंग, यांची जोडणी म्हणजे कार्बुरेटर.

ठिणगीची सोयहि हळूहळू सुधारली. रॉबर्ट बॉश याच्या कारखान्यांत गॉटलोब होनोल्ड यानें १९०२ मध्यें उच्च दाबाचा मॅग्नेटो व त्यासाठीं प्लग तयार केला. १९१२ च्या कॅडिलॅक गाडींत चार्ल्स केटरिंग यानें बॅटरीवर चालणारा स्टार्टर, ठिणगी आणि दिवे हीं एकत्र आणलीं. यापुढें कित्येक दशकें बहुतेक मोटारी कार्बुरेटर व कॉइल यांच्या जोरावर धांवल्या, आणि त्यांचीं बहुतेक दुखणींहि याच दोन ठिकाणीं उद्भवलीं.

आयुर्वेदांत रोग्याची परीक्षा दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न या तीन मार्गांनीं सांगितली आहे. जाणत्या मिस्त्रीची रीत याहून वेगळी नव्हती. तो आधीं विचारी, गाडी थंड असतांना अडते कीं तापल्यावर? उभी असतांना बंद पडते कीं चढावर? मग तो पाही. धुराड्यांतून काळा धूर म्हणजे पेट्रोल अधिक. निळसर धूर म्हणजे तेल जळत आहे. गाडी तापल्यावरहि दाट पांढरा धूर येत राहिला तर थंड ठेवण्याचें पाणी आंत झिरपत असल्याचा संशय. प्लग काढून पाहिला तर तोहि बोले: फिकट तपकिरी रंग आरोग्याचा, काजळी अति पेट्रोलची, आणि पांढुरका, भाजल्यासारखा रंग पेट्रोलच्या तुटीचा किंवा अति उष्णतेचा.

दोषाची वेळ आणि जागा ठाऊक झाली कीं अर्धें निदान होई. वेगांत ठीक चालणारी गाडी सिग्नलपाशीं उभी राहतांच बंद पडते, पण चोक थोडा ओढल्यास तग धरते. तर मंद गतीचें बारीक छिद्र कचऱ्यानें बुजलेलें असण्याचा संभव फार. पाय दाबतांच गाडी क्षणभर गचका खाते, तर वेग वाढवितांना पेट्रोलचा जादा घोट देणारा छोटा पंप थकलेला असतो. कार्बुरेटरमधून पेट्रोल ओसंडतें आणि त्याचा वास येतो, तर तरंगाच्या सुईखालीं कण अडकलेला असतो किंवा तरंगालाच भोंक पडलेलें असतें. इंजिन उगीच जोरानें व अनियमित फिरतें आणि बारीक फुसकारा ऐकूं येतो, तर कोठल्या तरी सांध्यांतून चोरटी हवा शिरत असते.

फोर्डच्या ‘मॉडेल टी’ गाडींत, जी १९०८ पासून १९२७ पर्यंत दीड कोटीवर निघाली, चार सिलिंडरांना चार स्वतंत्र कॉइल होत्या. प्रत्येकीवर कंप पावणारी एक पट्टी असे. गाडी लंगडूं लागली तर चालकानें इंजिन चालू ठेवून या पट्ट्या आळीपाळीनें बोटानें दाबाव्या. जी दाबल्यानें इंजिनाच्या चालींत फरक पडत नाहीं तोच सिलिंडर आधींपासून निकामी, हें उघड होई. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी आणि परिणाम पाहावा, हा शास्त्राचा नियम त्या काळच्या कित्येक शेतकऱ्यांनीं याच पट्ट्यांवर गिरविला.

हा नियम मोडला तर काय होतें, याचें उदाहरण पश्चिम घाटांत पुष्कळांनीं पाहिलें आहे. भर उन्हांत चढणीवर जुनी गाडी बंद पडते. चालक पेट्रोल पंपावर ओलें फडकें टाकतो, थोडा वेळ थांबतो आणि गाडी चालू होते. पेट्रोलची नळींतच वाफ झाली होती आणि पंपाला ती ओढतां येत नव्हती, असा निर्णय दिला जातो. अनेकदां तो खराहि असतो. पण तेवढ्या अवधींत कॉइलहि निवालेली असते, आणि तापल्यावर ठिणगी न देणारी कॉइल अगदीं अशींच लक्षणें दाखविते. गाडी बंद पडतांच, ती निवण्यापूर्वीं, एक प्लग काढून, तारेला जोडून, इंजिनाच्या धातूला टेकवून ठिणगी येते कीं नाहीं हें पाहणें, एवढाच खरा मार्ग. मात्र सांडलेलें पेट्रोल जवळपास असतां कामा नये. ठिणगी कडक व निळसर असेल तर दोष पेट्रोलकडे शोधावा; नसेल तर नवा पंप बसवून पैसे व्यर्थ जातात.

अशा घाईनें मोठेमोठेहि फसले. चढावर जोर पडतांच इंजिन टकटक वाजे, त्याचा दोष प्रथम केटरिंगच्या विजेच्या योजनेवर लादण्यांत आला. १९१६ मध्यें त्याचा सहकारी टॉमस मिजली शोधास लागला. इंधन तांबडें केलें तर तें उष्णता लवकर शोषील, अशा कल्पनेनें त्यानें त्यांत आयोडिन घातलें आणि टकटक थांबली. तेवढ्यावर समाधान मानलें असतें तर तांबडा रंग हेंच औषध ठरलें असतें. परंतु दुसरे तांबडे रंग घालून पाहतां कांहींच गुण आला नाहीं. गुण आयोडिनचा होता, रंगाचा नव्हता. येथवर पद्धति निर्दोष होती. पुढें १९२१ मध्यें शिशाचें एक संयुग सांपडलें. टकटक थांबली आणि तें सर्व जगांत पेट्रोलमध्यें मिसळूं लागले. १९२४ मध्येंच तें तयार करणारे कित्येक कामगार विषबाधेनें दगावले, तरी वापर थांबला नाहीं. भारतांत शिसेंयुक्त पेट्रोल २००० सालीं बंद झालें. जगांतून तें २०२१ मध्यें गेलें. इंजिनाच्या खोकल्यावर दिलेलें औषध शंभर वर्षें मुलांच्या रक्तांत उतरत राहिलें.

मुंबईकरांचा या विद्येशीं संबंध आला तो मुख्यतः कुर्ल्याच्या कारखान्यांतून. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ मध्यें प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली, आणि तिनें बांधलेल्या फियाट व पुढें पद्मिनी गाड्या काळ्यापिवळ्या टॅक्सींच्या रूपानें शहरभर पसरल्या. त्यांची शेवटची टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून निवृत्त झाली.

आजच्या गाड्यांत कार्बुरेटर नाहीं. पेट्रोल किती सोडावें हें संगणक ठरवितो, आणि बिघाड झाल्यास एक आंकडा दाखवितो. मिश्रणांत पेट्रोल कमी पडतें, असें तो आंकडा सांगेल. तें चोरट्या हवेमुळें कीं थकलेल्या पंपामुळें, हें मात्र कोणी तरी शोधावेंच लागतें. बेर्टाबाईंच्या हातीं टांचणी आणि मोज्याचा बंद, एवढेंच साहित्य होतें. पण कोणती वस्तु कोठें लावावयाची, हें त्यांनीं आधीं पाहून घेतलें होतें.