स्लीप अ‍ॅप्निया आणि रात्रीची लघवी

झोपेत घशातील श्वासमार्ग वारंवार बंद पडून श्वास किमान १० सेकंद थांबतो, त्या विकाराला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. त्यात रात्री लघवीसाठी दोन-तीनदा उठावे लागते. मात्र हे लक्षण पुष्कळदा वयाच्या किंवा प्रोस्टेटच्या खात्यावर टाकले जाते. बंद मार्गातून श्वास ओढताना छातीतील दाब घटतो, हृदयाकडे अधिक रक्त येते आणि ताणलेल्या कर्णिकेतून एएनपी हे संप्रेरक स्रवते. त्यामुळे मूत्रपिंडे अधिक मीठ व पाणी बाहेर टाकतात.

ऑस्ट्रेलियातील कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या सीपॅप उपचारात मास्कमधून दाबाची हवा देऊन श्वासमार्ग उघडा ठेवला जातो. त्यानंतर रात्रीचे उठणे बहुधा कमी होते. ते तसेच राहिल्यास मास्कमधून हवा गळते का, दाब अपुरा आहे का, हे यंत्रातील नोंदींवरून तपासावे. श्वास अडण्याचे प्रसंग ताशी ५ हून कमी असूनही लघवीला उठावे लागत असेल, तर मधुमेह, प्रोस्टेट, पायांवरील सूज किंवा संध्याकाळी घेतलेली लघवीची गोळी यांकडे पाहावे लागते. यंत्र वा गोळी परस्पर बंद करू नये. उठण्याच्या वेळा लिहून डॉक्टरांना दाखवाव्यात.