सोळाव्या लेण्यातलं नाव आणि टॅबची कळ

अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात व्हरांड्याबाहेरच्या भिंतीवर एक संस्कृत शिलालेख आहे. वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने पाचव्या शतकात तो कोरवला. त्याची कित्येक अक्षरं झिजली आहेत. 19व्या शतकात गेओर्ग ब्यूलर यांनी पहिल्या प्रवरसेनानंतरचं नाव ‘रुद्रसेन’ असं लावलं आणि त्यापुढचं ‘पृथिवीषेण’. इतर ताम्रपटांवरून जुळलेल्या वंशावळीत तीच नावं होती. पुढे 1939 मध्ये वाशीमचा ताम्रपट हाती आला आणि वाकाटकांची वत्सगुल्म शाखा उजेडात आली. मग वा. वि. मिराशी यांनी अजिंठ्याचा लेख नव्याने वाचला, तेव्हा तिथे सर्वसेन आणि विंध्यसेन निघाले. कुंतलाच्या राजाला जिंकल्याचं श्रेयही पृथिवीषेणाकडून विंध्यसेनाकडे गेलं.

झिजलेलं नाव ठाऊक यादीवरून पुरं करायचं, टॅब दाबून फाइलचं नाव पुरं करून घेणारा माणूस शेलकडून, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञा संगणकाला पोचवणाऱ्या प्रोग्रामकडून, नेमकं हेच काम करवून घेतो. शेल अर्थ लावत नाही, यादी चाळतो. यादीत नसलेलं नाव त्याला सुचत नाही. एक मोठा फरक मात्र आहे: दोन नावं जुळली की शेल थांबतो, विद्वान सहसा थांबत नाही.

या सोयीचं मूळ 1960च्या दशकातल्या बर्कलेच्या टाइमशेअरिंग यंत्रणेपर्यंत जातं. तिथून ती बीबीएन कंपनीच्या टेनेक्स या प्रणालीत रुजली. केन ग्रीअर यांनी 1975 मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठात युनिक्ससाठी तिच्यावर काम सुरू केलं. त्यातून घडलेल्या टीसीशेलमधला ‘टी’ टेनेक्सचाच.

खरा वाद कळीचा आहे. टेनेक्समध्ये नाव पुरं करायला टॅब नव्हे, एस्केप दाबत. मग ती मागे का पडली? एक मत बाणांच्या कळांना दोष देतं. 1978च्या व्हीटी100 टर्मिनलवर बाण दाबला की आधी एस्केपचाच संकेत जाई, त्यामुळे एकट्या एस्केपचा अर्थ लावणं अवघड झालं. कारण खोटं नाही, पण अपुरं आहे. जास्त वजन ईमॅक्स या संपादकाचं मानावं लागतं. तिथे एस्केप ही पुढच्या कळीला वेगळा अर्थ देणारी कळ होती आणि नाव पुरं करायला टॅब होती. ब्रायन फॉक्स यांनी बॅश हा शेल लिहिला तेव्हा त्यातल्या, टाइप होणारी ओळ सांभाळणाऱ्या रीडलाइनने ईमॅक्सचीच कळवाटणी घेतली. पुरावा आजही तपासता येतो: बॅशच्या नेहमीच्या मांडणीत एस्केप लागोपाठ दोनदा दाबा, नाव पुरं होतं. टॅब आली तरी जुनी कळ घरातून गेली नाही.

बॅशच्या 2.04 आवृत्तीपासून, म्हणजे 2000 सालापासून, प्रत्येक आज्ञेला स्वतःची यादी जोडता येते. म्हणून टॅब फाइलींची नावं दाखवते पण आज्ञेचे पर्याय दाखवत नाही, तेव्हा आधी बॅश-कम्प्लीशन हे पॅकेज आहे का आणि सुरुवातीच्या फाइलीतून ते वाचलं जातं का, हे पाहावं. ‘कम्प्लीट -पी’ लिहिलं की त्या घडीला जोडलेल्या याद्या समोर येतात. झेडशेल या दुसऱ्या शेलमध्ये यासाठी कम्पइनिट चालवावं लागतं. त्याने साठवलेली झेडकम्पडम्प फाइल शिळी असेल तर नवी आज्ञा ओळखली जात नाही. ती पुसून कम्पइनिट पुन्हा चालवणं हा उपाय.

मराठी नावांची अडचण याहून बारीक. ‘वऱ्हाड’ नावाचा फोल्डर घ्या. त्यातला ‘ऱ्ह’ एका कीबोर्डवरून ‘ऱ’ला हलन्त जोडून येतो, दुसऱ्यावरून साधा ‘र’, हलन्त आणि न दिसणारा जोडक मिळून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण लिनक्सवर शेलच्या लेखी ती दोन वेगळी नावं असतात आणि टॅब गप्प बसते. लहान-मोठ्या लिपीतला भेद विसरायला लावणारी रीडलाइनची सोय इथे निरुपयोगी, कारण देवनागरीत तो भेदच नाही. अशा वेळी फक्त ‘व’ लिहून टॅब दोनदा दाबावी आणि ‘व’ने सुरू होणारी सगळी नावं समोर मांडून घ्यावीत.